ऑनलाइन धंद्यात ‘खरं वागायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?



‘ऑथेंटिक राहा, लोक आपोआप जोडले जातील’ हा सल्ला हल्ली प्रत्येक जण देतो. पण उद्या सकाळी दुकान उघडल्यावर नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्या बायका हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. “मॅडम, चेहरा दाखवावाच लागेल का?” “सासरी रील केलेलं आवडत नाही, मग माझा धंदा चालणारच नाही का?” “रोज स्टेटस टाकते, शंभर जणी बघतात, ऑर्डर मात्र एकही नाही. काय चुकतंय?”

व्हिडिओत याचं थोडक्यात उत्तर दिलं होतं, इथे सविस्तर लिहिते. आधी एका वाक्यात सांगते: खरं वागायला घर उघडं करावं लागत नाही, चार गोष्टी उघड ठेवाव्या लागतात. त्या म्हणजे माल, भाव, वेळ आणि चूक.

माझं साड्यांचं दुकान आहे, म्हणून उदाहरणं साड्यांची येतील. तुमचा मसाल्यांचा, पापडांचा, दागिन्यांचा किंवा शिवणकामाचा धंदा असेल तर साडीच्या जागी तुमची वस्तू ठेवून वाचा.

बघणाऱ्या वेगळ्या, आपल्या वेगळ्या

स्टेटस बघणारी बाई ही अजून आपली ग्राहक नाही. एकदा घेऊन गेलेली बाईसुद्धा पूर्ण आपली नाही. ‘आपली’ कोण? जी दुसऱ्यांदा येते, आणि तिसऱ्यांदा येताना जावेला किंवा ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन येते. अशा पन्नास जणी असतील तर छोटा धंदा बऱ्यापैकी तग धरतो. पाच हजार फॉलोअर्स आहेत आणि अशी एकही नाही, तर दर महिन्याला नव्याने गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं.

बायकांच्या धंद्यात याला आणखी एक बाजू आहे. आपली पहिली गिऱ्हाईकं बहुतेक वेळा ओळखीतली असतात: सोसायटीतल्या, भिशीतल्या, मुलांच्या शाळेतल्या पालक, माहेरच्या. एकीला फसवल्यासारखं वाटलं तर ती रिव्ह्यू लिहीत बसत नाही. हळदीकुंकवाला चार जणींना सांगते. तुम्हाला काहीच कळत नाही, फक्त त्या बिल्डिंगमधून ऑर्डर यायची बंद होते. विश्वास बसला तर तोही अशाच वाटेने पसरतो. म्हणून ऑनलाइन धंदा करताना पहिली काळजी त्या नावाची घ्यायची.

१. माल: काय आहे ते सांगा, काय नाही तेही सांगा

पैठणीचं उदाहरण घेऊ. येवल्याच्या हातमागावरची पैठणी आणि बाजारात मिळणारी ‘सेमी पैठणी’ फोनच्या स्क्रीनवर जवळजवळ सारख्याच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. हातमागावर एक साडी विणायला काही आठवडे जातात, नक्षी भरलेली असेल तर महिनेही लागतात. सेमी मशीनवर विणलेली असते, धागाही बऱ्याचदा आर्ट सिल्क किंवा मिक्स असतो.

सेमी विकण्यात कमीपणा काहीच नाही. रोजच्या कार्यक्रमाला, ऑफिसच्या पारंपरिक दिवसाला, मुलीच्या स्नेहसंमेलनाला तीच परवडते. पण पोस्टमध्ये नुसतं ‘सुंदर पैठणी’ लिहिलं आणि घेणारीने ती हातमागाची समजून घेतली, तर तुम्ही खोटं बोलला नाहीत तरी खरंही सांगितलं नाहीत. तिला ते कधीतरी कळतंच. साडी घडी करताना कुणीतरी जाणकार मावशी पदर उलटा करून बघते. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. मशीनच्या साडीत मागे कापलेले किंवा मोकळे धागे दिसतात. तो पदर तुम्ही स्वतःच व्हिडिओत उलटा करून दाखवलात, तर मावशीला बोलायला जागा उरत नाही.

म्हणून पोस्ट अशी लिहा: “सेमी पैठणी, मशीनवर विणलेली, धागा मिक्स. हातमागाची नाही. पदराची मागची बाजू व्हिडिओत दाखवली आहे. पहिल्यांदा ड्रायक्लीन करा.” एवढ्या चार ओळींनी दोन-तीन गिऱ्हाईकं जातील, हे मान्य. ती नाहीतरी घरी नेल्यावर परत करणारच होती.

लेबलांबद्दलही नीट बोला. सिल्क मार्क म्हणजे धागा प्युअर सिल्कचा आहे याची खूण. ती साडी हातमागावरच विणली आहे, असं सिल्क मार्क सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. हे कित्येक दुकानदारही सरसकट एकच धरतात. तुम्ही हा फरक समजावून सांगितलात की ग्राहक तुमच्याकडे साडी घ्यायला तर येतेच, साडीबद्दल विचारायलाही येते. लेबल नसेल आणि कुणी विचारलं, तर कडेचा एखादा सुटा धागा जाळून दाखवा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आहे, आणि त्यात तुमचा चेहरा कुठेच येत नाही.

फोटोचंही तसंच. ट्यूबलाइटखाली जांभळा, वाईन आणि राणी हे रंग हमखास फसवतात. दिवसा, दाराजवळच्या उजेडात, फिल्टर न लावता फोटो काढा. एक फोटो साडीशेजारी पांढरा कागद ठेवून काढा, म्हणजे बघणारीला रंगाचा अंदाज येतो. तरीही ‘प्रत्यक्षात रंग एक छटा गडद आहे’ असं वाटलं तर तसं लिहून टाका.

खाण्याच्या वस्तूंना हाच नियम लावा. ‘घरगुती’ लिहिलंत तर ते खरंच घरी बनलेलं हवं. बाहेरून आणून पॅक करत असाल तर ‘निवडून आणलेलं’ म्हणा. कुठलं तेल वापरलं, कधी बनवलं, किती दिवस टिकेल हे लिहा. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापा.

इथे लिज्जतची गोष्ट आठवते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगल्या प्रतीचा आणि एक हलका, स्वस्त. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सांगितलं की एकच दर्जा ठेवा, त्यात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा. तेव्हा ना फोन होते ना स्टेटस. पण कुठल्याही दुकानातून घेतलेलं पाकीट सारखंच निघणार, ही खात्री घरोघरी बसली. पुढे संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपण तेवढं मोठं होऊ न होऊ, पण प्रत्येक वेळी सारखाच माल देणं आपल्या हातात आहे.

२. भाव: ‘डीएम फॉर प्राइस’ बंद करा

किंमत लपवली की लोक विचारायला येतात आणि बोलणं सुरू होतं, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मला ते पटत नाही. ज्या बाईचं बजेट हजार रुपये आहे, तिला किंमत विचारून ‘नको’ म्हणायला संकोच वाटतो. ती विचारतच नाही. शिवाय भाव लपवलेला दिसला की मनात शंका येतेच: माणूस बघून भाव सांगतात की काय?

पोस्टमध्येच किंमत लिहा. कुरिअर धरून आहे की वेगळा, फॉल-पिको त्यात आहे की नाही, ब्लाउज पीस आहे की नाही, हेही लिहा. आणि भाव सगळ्यांना एकच ठेवा. एकाच सोसायटीत एकीला १४०० आणि दुसरीला १२०० लावलेत, तर आठवड्याच्या आत दोघी एकमेकींना सांगतात. मग १२०० वालीलाही वाटतं, ‘आणखी घासाघीस केली असती तर हजारात मिळाली असती.’

“पण नातेवाईक सवलत मागतात, त्यांना काय सांगू?” हा नेहमीचा प्रश्न. सवलतीचा नियम करा आणि तोही उघड ठेवा. उदाहरणार्थ, तिसऱ्या खरेदीपासून पाच टक्के, सगळ्यांना. मग आत्यालाही हसून सांगता येतं, “आत्या, दोन झाल्या, पुढच्या साडीला नक्की!” उधारीचंही असंच. उधारी नाही, तर ती कुणालाच नाही.

३. वेळ: जमेल तेवढीच कबूल करा

“दोन दिवसांत मिळेल” हे वाक्य आपण पटकन बोलून जातो. मग पिकोवाल्या ताईंकडे लग्नसराईची गर्दी असते, कुरिअरवाला रविवारी येत नाही, आणि दोनाचे पाच दिवस होतात. पाच लागत असतील तर सहा सांगा. पाचव्या दिवशी पोचलं तर तिला लवकर मिळाल्यासारखं वाटतं. तेच पार्सल तिसऱ्या दिवशी पोचलं पण तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात, तर ते उशिरा पोचलं.

स्वतःच्या वेळेबद्दलही स्पष्ट असा. रात्री अकराला आलेल्या मेसेजला उत्तर दिलंत की उद्यापासून अकराची अपेक्षा सुरू होते. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये दुकान बंद असल्याचा मेसेज आपोआप जाण्याची सोय आहे. तिथे लिहा: “मेसेज मिळाला. मी सकाळी १० ते रात्री ८ उत्तर देते. उद्या सकाळी नक्की बोलू.” आणि सकाळी खरंच बोला. घरात लहान मूल आहे, सासूबाईंचं पथ्यपाणी आहे, म्हणून वेळ कमी असेल तर कमीच लिहा. दुपारी बारा ते तीन एवढंच दुकान असलं तरी चालतं. ठरलेल्या वेळात तुम्ही हमखास भेटता, यावर लोक विसंबतात.

४. चूक: ग्राहकाच्या आधी तुम्ही सांगा

धंदा म्हटला की चुका होणारच. पार्सल अदलाबदल होतं, डबा गळतो, रंग वेगळा निघतो. ग्राहक चूक एक वेळ विसरते. फोन न उचलणारी ताई तिच्या कायम लक्षात राहते.

उशीर होणार हे कळल्याबरोबर, तिने विचारायच्या आधी, असा मेसेज पाठवा:

“ताई, तुमची साडी आज निघणार होती, ती निघालेली नाही. फॉल-पिको अजून झालेलं नाही. गुरुवारी नक्की कुरिअरला देते. तुमचा कार्यक्रम त्याआधी असेल तर सांगा. तयार असलेल्या साड्यांचे फोटो पाठवते, किंवा पैसे आजच परत करते.”

यात काय काय आहे बघा. काय झालं ते, का झालं ते एका ओळीत, पुढे कधी होणार ते, आणि तिच्या हातात दोन पर्याय. लांबलचक माफी नाही, घरच्या अडचणींची गोष्ट नाही. ‘कुरिअरवाल्याने गोंधळ घातला’ म्हणून दुसऱ्यावर ढकलणंही नाही, कारण तिने पैसे कुरिअरवाल्याला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत.

मालातला दोषही असाच सांगा. काठाजवळ धागा ओढलेली साडी असेल तर त्या जागेचा जवळून फोटो काढा, किंमत कमी करा आणि ‘दोष आहे, परत घेतली जाणार नाही’ असं लिहून विका. अशा साड्या पटकन जातात. आणि ज्या बायका त्या घेत नाहीत, त्यांच्याही मनात एक गोष्ट बसते: ही ताई दोष लपवत नाही, म्हणजे बाकीच्या साड्या ठीक असणार.

आणि खोटे रिव्ह्यू?

बहिणीच्या फोनवरून ‘अप्रतिम क्वालिटी!!’ लिहून घेणं फार सोपं असतं, म्हणून सांगते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढलं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या शंभर ग्राहकांपैकी तीस जणी तुमच्या बहिणीला ओळखतात! त्यापेक्षा खऱ्या ग्राहकाला आठवड्याने विचारा, “ताई, साडी नेसलात का? काही खटकलं का?” ‘कशी वाटली?’ विचारलं की ‘छान’ येतं. ‘काही खटकलं का?’ विचारलं की खरं उत्तर येतं. ते उत्तर तिची परवानगी घेऊन, तिच्याच शब्दांत टाका. थोडीशी तक्रार असलेला खरा रिव्ह्यू दहा ‘अप्रतिम’पेक्षा जास्त पटतो.

घराचं दार कुठे बंद करायचं

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. चेहरा दाखवायची सक्ती नाही. हात दाखवा, आवाज द्या, नुसती वस्तू दाखवा. ‘स्वतःची कहाणी सांगा, रडा, हसा, मुलं दाखवा’ हा सल्ला देणाऱ्याच्या घरी तुमचं कुटुंब राहत नाही. आवडत असेल, घरच्यांचंही ठीक असेल, तर जरूर दाखवा. नसेल तर त्यामुळे तुमचा खरेपणा कमी होत नाही.

काही गोष्टी मात्र कुणीच दाखवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांची शाळा आणि युनिफॉर्म, घराचा पत्ता किंवा दारावरची पाटी, ‘आज घरी एकटीच आहे’ किंवा ‘गावाला निघालो’ असे लाइव्ह अपडेट. ग्राहकाचा फोटो, तिचं नाव, तिच्या पार्सलवरचा पत्ता, हे तर तिला विचारल्याशिवाय अजिबात नाही. पार्सलांच्या ढिगाचा फोटो टाकताना पत्ते झाकलेत का, दोनदा बघा.

फोनवर ग्राहकांना कसं जोडायचं, हेही याच दृष्टीने ठरवा:

- ग्रुप: सगळ्या एकमेकींशी बोलू शकतात, पण प्रत्येकीचा नंबरही सगळ्यांना दिसतो. अनोळखी माणूस आत आला तर तुमच्या ग्राहकांना नको ते मेसेज जाऊ शकतात, आणि त्याचा दोष तुमच्यावर येतो. म्हणून ग्रुपमध्ये विचारूनच घ्या, आत येण्याची लिंक उघड्यावर टाकू नका.
- ब्रॉडकास्ट लिस्ट: एका यादीत २५६ जण. कुणालाच दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, प्रत्येकीला मेसेज वेगळा जातो. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मिळतो. म्हणून बिल देताना सांगा, “ताई, दुकानाच्या नावाने नंबर सेव्ह करून ठेवा.”
- चॅनल: फॉलो करणाऱ्यांना एकमेकींचा नंबर दिसत नाही, तुमचाही दिसत नाही. पण संवाद एकतर्फी असतो.

सुरुवात करणाऱ्यांना मी ब्रॉडकास्ट लिस्ट सुचवते. वीस-तीस पक्क्या ग्राहक झाल्या की त्यांना विचारून छोटा ग्रुप काढा. धंद्यासाठी नंबर वेगळाच ठेवा. विचारल्याशिवाय कुणालाही यादीत घालू नका. खूप जणींनी रिपोर्ट केलं तर नंबर बंदही होऊ शकतो.

ग्रुपमध्ये फक्त माल टाकू नका

ग्रुप काढला आणि रोज वीस फोटो टाकले, की चौथ्या दिवशी सगळ्या तो म्यूट करतात. ग्रुप जिवंत राहतो तो बायका एकमेकींशी बोलल्या की. तुमचं काम विषय काढून देण्याचं. “जुन्या सिल्कच्या साडीला घडीवर चिरा पडू नयेत म्हणून तुम्ही काय करता?” असं विचारून बघा. एक म्हणेल मलमलच्या कापडात गुंडाळते, दुसरी म्हणेल दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलते. त्या दिवशी तुम्ही काहीही विकलेलं नसतं, पण ग्रुप त्यांचा झालेला असतो.

आपल्याकडे नसलेली वस्तू कुणी मागितली तर स्पष्ट सांगा, आणि माहीत असेल तर कुठे मिळेल तेही सांगा. नऊवारी शिवून देणारी दुसरी ताई, फराळ करणारा बचत गट, यांची नावं मोकळ्या मनाने द्या. त्यासुद्धा साडीचं गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवतात.

मोजायचं काय?

लाइक नका मोजू. एक वही घ्या, प्रत्येक ऑर्डरपुढे तीन खुणांपैकी एक करा: नवीन, पुन्हा आलेली, कुणीतरी पाठवलेली. समजा महिन्यात ४० ऑर्डर झाल्या आणि त्यात १२ पुन्हा आलेल्या, ६ पाठवलेल्या आहेत. म्हणजे १८ ऑर्डर जाहिरात न करता, विश्वासावर आल्या. पुढच्या महिन्यात एकूण ऑर्डर ३८ झाल्या पण या १८ च्या २१ झाल्या, तर काळजी करू नका, पाया पक्का होतोय. उलट एकूण ६० झाल्या आणि हा आकडा ८ वर आला, तर मात्र थांबा. कुठेतरी माल, भाव, वेळ किंवा चूक यांतलं काहीतरी झाकलं जातंय.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या शेवटच्या पाच पोस्ट उघडा. प्रत्येकीत किंमत आहे का? वस्तू काय ‘नाही’ ते लिहिलंय का? नसेल तर आजच बदला.
२. आपल्या दुकानाची वेळ ठरवा आणि आपोआप जाणारा मेसेज लावा.
३. गेल्या महिन्यातल्या पाच ग्राहकांना ‘काही खटकलं का?’ हे विचारा. उत्तर आल्यावर लगेच बाजू मांडू नका, आधी लिहून घ्या.
४. तीन खुणांची वही सुरू करा.

यातल्या एकाही कामाला पैसे लागत नाहीत, रिंग लाइट लागत नाही, आणि घरच्यांची परवानगी लागेल असंही काही नाही. पाच जणींना विचारल्यावर काय उत्तरं आली ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण परतावा आणि बदलीचे नियम कसे लिहायचे ते बघू.

भेटू लवकरच. तोपर्यंत, पोस्ट टाकायच्या आधी पदर एकदा उलटा करून दाखवा!